हातातील शिरा संपल्या तर? डायलिसिसच्या रुग्णांपुढील शस्त्रक्रियेचे पर्याय

वर्धा : मूत्रपिंडे निकामी झाल्यानंतरही यंत्राच्या आधाराने माणूस वर्षानुवर्षे जगू शकतो, ही गोष्ट आता खेड्यापाड्यांतही ठाऊक झाली आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही वैद्यकीय महाविद्यालयांची दोन मोठी रुग्णालये वर्धा शहरालगतच असल्याने या जिल्ह्यातील रुग्णाला डायलिसिसच्या प्रत्येक खेपेसाठी नागपूर गाठावे लागत नाही. मात्र एका प्रश्नाची कल्पना रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना बहुधा फार उशिरा येते. यंत्र सज्ज आहे, तंत्रज्ञ हजर आहे, सरकारी योजनेची मंजुरीही आली आहे. पण रक्त बाहेर काढायला आणि शुद्ध करून परत आत सोडायला शरीरात जागाच उरलेली नाही, अशी वेळ येऊ शकते. डायलिसिसवर आठ-दहा वर्षे काढलेल्या रुग्णांच्या बाबतीत ती अनेकदा येते.

हा प्रश्न समजून घ्यायचा तर थोडे गणित करावे लागेल. डायलिसिसची एक खेप साधारण चार तासांची असते. या काळात यंत्र मिनिटाला २५० ते ३०० मिलिलिटर रक्त खेचते. म्हणजे चार तासांत ६० ते ७० लिटर. शरीरात रक्त असते जेमतेम पाच लिटर. तेच बारा-चौदा वेळा यंत्रातून फिरते. त्यासाठी दर खेपेला रक्तदानाच्या सुईइतक्या जाड दोन सुया टोचाव्या लागतात. आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेणाऱ्याला वर्षाकाठी दोनशेहून अधिक आणि तीनदा घेणाऱ्याला तीनशेहून अधिक वेळा या सुया सोसाव्या लागतात.

आपल्या हातावर निळसर दिसणाऱ्या शिरेचे हे काम नव्हे. हृदयाकडून अवयवांकडे रक्त नेते ती रोहिणी आणि अवयवांकडून हृदयाकडे परत आणते ती नीला. बोलीभाषेत आपण जिला शीर म्हणतो ती नीलाच. ती त्वचेलगत असल्याने सुईला सहज सापडते, पण तिच्यातील रक्ताला ना जोर असतो ना वेग. रोहिणीत जोर असतो, पण ती खोल असते, तिची जाड भिंत वारंवार टोचून घेण्यासाठी नसते आणि तिला इजा झाली तर पुढच्या अवयवाचा रक्तपुरवठाच धोक्यात येतो. एकीकडे जोर, दुसरीकडे सोय. या दोहोंचा मेळ घालणे ही डायलिसिसच्या इतिहासातील खरी अडचण होती.

यंत्र आधी, मार्ग नंतर

विलेम कोल्फ या डच डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, कांपेन या गावी कृत्रिम मूत्रपिंडाचे पहिले उपयोगी यंत्र चालवले. परंतु दर खेपेला रुग्णाची एक रोहिणी आणि एक नीला कापून त्यांत नळ्या घालाव्या लागत. काही खेपांतच कापायला वाहिन्या उरत नसत. त्यामुळे काही दिवसांसाठी बंद पडलेले मूत्रपिंड पुन्हा सुरू होईपर्यंत रुग्णाला तगवणे, एवढाच या यंत्राचा उपयोग होता. मूत्रपिंडे कायमची गेलेल्या रुग्णासाठी यंत्र असूनही नसल्यासारखेच होते.

१९६० साली अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनच्या दोन नळ्या रुग्णाच्या हातात कायमच्या बसवून त्या बाहेरून जोडून ठेवण्याची युक्ती काढली. क्लाइड शील्ड्स हा त्यांचा पहिला रुग्ण त्यानंतर अकरा वर्षे जगला. दीर्घकालीन डायलिसिसचा आरंभ येथून झाला. तथापि, बाहेर लोंबणाऱ्या या नळ्यांत रक्त गोठे, जंतुसंसर्ग होई, आणि चुकून नळी निसटली तर जीवावर बेते.

यावरचा तोडगा न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात सापडला. डॉ. जेम्स सिमिनो यांनी विद्यार्थिदशेत रक्तसंकलनाचे काम केले होते. कोरियन युद्धात जखमी झालेल्या काही सैनिकांच्या शरीरात रोहिणी आणि नीला यांचा अपघातानेच सांधा जुळलेला त्यांनी पाहिला होता. अशा ठिकाणची शीर फुगलेली, जाड आणि जोरदार वाहणारी असे. जे जखमेने घडते ते शस्त्रक्रियेने का घडवू नये, असा विचार करून १९६५ मध्ये शल्यविशारद केनेथ अॅपेल यांनी मनगटाजवळ नाडीची रोहिणी आणि शेजारची शीर एकमेकींना जोडली. सिमिनो, ब्रेशिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा प्रयोग १९६६ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी परिषदेत त्याचे स्वागत थंडच झाले. आज जगभर ज्याला ‘फिस्टुला’ म्हणतात तो हाच, आणि साठ वर्षांनंतरही त्याला तोड सापडलेली नाही.

मनगटातील या रोहिणीतून एरवी मिनिटाला वीस-तीस मिलिलिटर रक्त जाते. सांधा जुळल्यावर, वाट मोकळी झाल्याने, हळूहळू तेच प्रमाण सहाशे मिलिलिटरच्या पुढे जाते. वाढत्या दाबाने शीर रुंदावते, तिची भिंत जाड होते, फिस्टुला ‘पिकतो’. याला सहा आठवडे ते तीन महिने लागतात. शीर किमान सहा मिलिमीटर रुंद, त्वचेखाली सहा मिलिमीटरपेक्षा कमी खोल आणि मिनिटाला सहाशे मिलिलिटर प्रवाह, असा ‘सहांचा नियम’ डॉक्टर वापरतात. फिस्टुलावर बोट ठेवले असता मांजर गुरगुरावे तसा कंप जाणवतो. हा कंप म्हणजे रुग्णाच्या जगण्याची खूण होय. दररोज सकाळ-संध्याकाळ तो तपासणे हे रुग्णाने स्वतः करावयाचे काम आहे.

सगळेच फिस्टुला पिकतात असे मात्र नाही. वेगवेगळ्या पाहण्यांत न पिकणाऱ्यांचे प्रमाण एक-पंचमांशापासून निम्म्याहून अधिक असे आढळले आहे. वृद्ध, मधुमेही आणि स्त्रिया यांच्यात हे अपयश अधिक. मधुमेहाने रोहिणीच्या भिंतीत चुना साचतो, स्त्रियांच्या वाहिन्या मुळातच बारीक असतात. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी डॉपलर सोनोग्राफीने हातातील वाहिन्यांचा नकाशा काढणे आवश्यक ठरते. रोहिणी किमान दोन आणि शीर किमान अडीच मिलिमीटर रुंद असावी, असा साधारण संकेत आहे. केवळ डोळ्यांनी शीर पाहून चिरा देण्याचे दिवस खरे तर संपायला हवेत.

मनगटापासून काखेपर्यंत

फिस्टुला करताना शल्यविशारद शेतात पाणी देणाऱ्या शेतकऱ्यासारखा हिशेब करतो. पाटाचे शेवटचे टोक आधी, उगमाकडील भाग राखून ठेवायचा. कारण एकदा कोपराशी सांधा केला की त्याच्या खालचे मनगट बहुधा वाया जाते. याउलट मनगटाचा फिस्टुला पुढे बंद पडला तरी त्याने वरच्या शिरा रुंदावून ठेवलेल्या असतात. म्हणून आधी कमी वापराचा हात, बहुतेकांचा डावा, आणि त्यातही मनगट. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खोलगट भागातही सांधा करता येतो, तो तर मनगटाच्याही अलीकडचा.

मनगट गेले की कोपर. तेथे दंडाची मोठी रोहिणी आणि अंगठ्याच्या बाजूने वर जाणारी सेफॅलिक शीर जोडली जाते. हा फिस्टुला लवकर पिकतो व जोरात वाहतो. पण हीच त्याची अडचणही आहे. सांध्याकडे इतके रक्त वळते की पंजाला पुरेसे मिळत नाही. बोटे गार पडतात, दुखतात, क्वचित काळी पडू लागतात. इंग्रजीत या विकाराला ‘स्टील’, म्हणजे चोरी, असेच नाव आहे. डायलिसिस चालू असताना हात गार पडून ठणकू लागला तर रुग्णाने गप्प बसू नये. त्यावर शस्त्रक्रियेने इलाज करता येतो. कोपराच्या जरा खाली, दंडाच्या रोहिणीऐवजी तिची पुढील शाखा वापरून सांधा केल्यास हा धोका कमी होतो.

सेफॅलिक शीर सुयांनी आणि सलाइनने आधीच खराब झालेली असेल तर शल्यविशारद दंडाच्या आतल्या, काखेकडच्या बाजूला वळतात. तेथे बॅसिलिक नावाची शीर स्नायूंच्या आवरणाखाली खोल असते. खोल असल्यामुळेच ती वर्षानुवर्षांच्या टोचाटोचीतून बचावलेली असते. मात्र त्याच कारणाने तेथे डायलिसिसची सुईही पोचत नाही. म्हणून तिला तिच्या जागेवरून सोडवून, दंडाच्या पुढच्या बाजूस त्वचेलगत नवा बोगदा करून त्यात आणून बसवतात. १९७६ मध्ये वैद्यकीय साहित्यात वर्णन झालेली ही शस्त्रक्रिया आता सर्वत्र केली जाते. काही ठिकाणी ती एकदाच करतात; शीर बारीक असेल तर आधी सांधा करून ती रुंदावू देतात आणि काही आठवड्यांनी वर आणतात. चिरा लांब असतो, हाताला काही काळ सूज राहते, शिरेला चिकटून जाणाऱ्या संवेदना-मज्जातंतूला धक्का लागल्यास कोपराखाली बधिरपणा येतो. एवढे सोसूनही, स्वतःच्या शरीरातील शीर ही कृत्रिम नळीपेक्षा श्रेयस्कर, असाच बहुतेक तज्ज्ञांचा कल आहे. बॅसिलिक शिरेचा कोपराखालील भागही अशाच रीतीने फिरवून मनगटाच्या रोहिणीला जोडता येतो; हा पर्याय अनेकदा विसरला जातो.

२०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चिरा न देता, रक्तवाहिनीतून नळी घालून फिस्टुला करणाऱ्या दोन उपकरणांना मान्यता दिली. पण त्यांनाही लागते ती चांगली शीरच. ज्याच्या शिरा संपल्या त्याला त्यांचा उपयोग नाही.

हातात जोडण्याजोगी शीर नसेल तर रोहिणी आणि खोलवरची मोठी नीला यांच्यामध्ये कृत्रिम नळी, म्हणजे ‘ग्राफ्ट’, बसवतात. सुमारे सहा मिलिमीटर रुंदीची, ताणलेल्या टेफ्लॉनसदृश पदार्थाची ही नळी कोपराखाली नालेच्या आकारात किंवा दंडात सरळ घातली जाते. ती पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. दोन-तीन आठवड्यांत, तर काही नव्या प्रकारच्या नळ्यांत एक-दोन दिवसांतच सुई टोचता येते. तातडी असलेल्या रुग्णाला हे मोठे वरदान. पण नळीचा नीलेकडील सांधा हळूहळू अरुंद होत जातो, रक्त गोठते, आणि जंतुसंसर्ग झालाच तर परकी वस्तू असल्याने बहुधा ती काढूनच टाकावी लागते. फुग्याच्या साहाय्याने अरुंद भाग रुंद करण्याची प्रक्रिया अशा रुग्णांना वरचेवर करून घ्यावी लागते. ग्राफ्ट म्हणजे भाड्याचे घर. राहता येते, पण देखभाल चुकत नाही.

दोन्ही हात संपल्यावर

येथून पुढचा प्रदेश अवघड. या शस्त्रक्रिया करणारे रक्तवाहिनी-शल्यविशारद बहुधा नागपूर, पुणे, मुंबई अशा शहरांतच भेटतात. तरीही पर्याय असतात हे रुग्णाला ठाऊक असणे गरजेचे आहे, कारण ‘आता काही करता येत नाही’ हे वाक्य अनेकदा वेळेआधी उच्चारले जाते.

पहिला पर्याय छातीवरचा. एका काखेतील रोहिणीपासून दुसऱ्या काखेतील नीलेपर्यंत, गळ्यातील हाराप्रमाणे, कातडीखालून ग्राफ्ट नेतात. त्याच बाजूच्या नीलेला जोडून छातीवर वळसाही घालता येतो. छातीवरील घाम आणि ओलावा मांडीच्या तुलनेत कमी, त्यामुळे संसर्गाचा धोका त्या मानाने कमी राहतो.

दुसरा पर्याय मांडीचा. पायातील वरवरची सॅफेनस शीर हृदयशस्त्रक्रियेत उपयोगी पडते, म्हणून ती येथेही चालेल असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात ती हातातील शिरेसारखी रुंदावत नाही. मांडीतील खोल फिमोरल नीला सोडवून वर आणल्यास ती अनेक वर्षे उत्तम वाहते, परंतु पायाचा रक्तपुरवठा कमी पडण्याचा धोका मोठा. मधुमेहाने ज्यांच्या पायाच्या रोहिण्या आधीच अरुंद झाल्या आहेत, ज्यांच्या पायावर भरून न येणाऱ्या जखमा आहेत, त्यांच्यासाठी हा मार्ग बंदच समजावा. मांडीत ग्राफ्ट घालता येतो; जांघेच्या जवळिकीमुळे तेथे जंतुसंसर्गाचे भय सतत असते. ज्यांना पुढे मूत्रपिंड प्रत्यारोपण करावयाचे आहे त्यांच्याबाबत मांडीचा निर्णय प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच व्हायला हवा. कारण नवे मूत्रपिंड ओटीपोटातील ज्या वाहिन्यांना जोडतात, त्या मांडीतील वाहिन्यांचाच वरचा भाग आहेत.

तिसरा पर्याय ऐकायला विचित्र वाटतो. नीला नाहीच, तर नीलेशिवाय काम चालवायचे. दंडाची रोहिणी उचलून त्वचेलगत आणतात आणि तिच्यातच सुई टोचतात. शुद्ध झालेले रक्त परत करण्यासाठी कुठली तरी साधी शीर पुरते. जपानमध्ये ही पद्धत बरीच वापरात आहे. विशेषतः ज्यांचे हृदय अशक्त आहे त्यांच्यासाठी, कारण फिस्टुलामुळे हृदयावर जादा प्रवाहाचा जो भार पडतो, तो येथे पडत नाही. काखेतील रोहिणी कापून तिच्या दोन टोकांमध्ये कृत्रिम नळीचा वळसा बसवण्याची शस्त्रक्रियाही निवडक रुग्णांवर केली जाते. अशी नळी गोठली तर मात्र हाताचा रक्तपुरवठाच थांबू शकतो. हे शेवटच्या टप्प्यातले उपाय आहेत.

कधीकधी हातातील शीर चांगली असते, पण पुढे छातीतील मोठी नीलाच बुजलेली असते. घर उत्तम, पण गल्लीच बंद. फिस्टुला केला की रक्ताला वाट मिळत नाही आणि सबंध हात टम्म सुजतो, छातीवर शिरांचे जाळे उमटते. फुग्याने किंवा स्टेंटने वाट उघडून पाहतात. तेही न जमल्यास दंडातील ग्राफ्टला पुढे एक नळी जोडून ती बुजलेल्या भागातून पार हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत नेण्याचे उपकरण आहे. अमेरिकेत ते २००८ पासून मान्य आहे.

ही गल्ली बुजते कशाने? उत्तर अस्वस्थ करणारे आहे. बहुतेक वेळा डायलिसिससाठीच घातलेल्या कॅथेटरने.

गळ्यातली नळी आणि सलाइनचा सोस

आपल्याकडे कित्येक रुग्णांचे डायलिसिस पूर्वतयारीने सुरू होत नाही. दम लागला, उलट्या थांबेनात, अंग सुजले म्हणून रुग्णालयात आणले जाते. क्रिएटिनिन कमालीचे वाढलेले निघते आणि त्याच रात्री गळ्यात नळी घालून यंत्र सुरू करावे लागते. या तातडीच्या नळीने जीव वाचतो, यात शंका नाही. प्रश्न ती कुठे घातली आणि किती दिवस राहिली, हा आहे. गळपट्टीच्या हाडाखालील नीलेतून नळी घालण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील एका अभ्यासात अशा ५० रुग्णांपैकी ४२ टक्के रुग्णांची नीला पुढे अरुंद झालेली आढळली. मानेतील नीला वापरलेल्या ५० रुग्णांत हेच प्रमाण १० टक्के होते. तेव्हापासून उजव्या बाजूची मानेची नीला हाच पहिला मार्ग, असा दंडक आहे. तातडीची साधी नळी मानेत फार तर दोन आठवडे ठेवावी, त्याहून अधिक काळ लागणार असेल तर त्वचेखालून बोगदा काढून बसवायची, कापडी पट्टी असलेली कॅथेटर घालावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मानेच्या दोन्ही नीला गेल्या तर जांघ, आणि तीही गेली तर पाठीतून थेट पोटातील महानीलेत किंवा यकृतातून कॅथेटर घालता येते. मात्र तेवढ्यापर्यंत वेळ येणे म्हणजे बरेच काही आधीच हातचे गेलेले असणे.

कॅथेटरवरचा रुग्ण वरवर सुखी दिसतो. सुई टोचायची नाही, हात दुखत नाही. म्हणून फिस्टुलाची शस्त्रक्रिया ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून लांबणीवर पडते. हाच मोठा धोका आहे. रक्तात जंतू शिरण्याचे प्रमाण कॅथेटरमध्ये सर्वाधिक. अर्थात, अतिवृद्ध किंवा इतर गंभीर आजारांनी खंगलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियांच्या फेऱ्यांत न लोटता कॅथेटरवर ठेवणे हाही कधीकधी शहाणपणाचा निर्णय असतो. अमेरिकेतील मूत्रपिंडविषयक मार्गदर्शक तत्त्वांत २०१९ साली झालेल्या सुधारणेचा रोख हाच होता. सर्वांना फिस्टुला असा एकच साचा न लावता, या रुग्णाला पुढील आयुष्यात कोणत्या क्रमाने कोणते मार्ग वापरायचे याची आखणी आधी करावी, असे त्यात म्हटले आहे.

दुसरे कारण अधिक घरगुती आहे आणि आपल्या भागात विशेष ठळक. अशक्तपणा वाटला, उन्हाचा त्रास झाला, ताप आला की ‘एक सलाइन लावून द्या डॉक्टर’ हा आग्रह वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही गावात ऐकू येतो. लावले जाते तेही डाव्या मनगटाच्या अंगठ्याकडील ठळक शिरेत, कारण ती पटकन सापडते. ज्या शिरेवर पुढे फिस्टुला व्हायचा ती हीच. इंट्राकॅथ दोन-तीन दिवस राहिले की शिरेला आतून सूज येते, ती दोरीसारखी कडक होते आणि कायमची निकामी होते. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा मूतखड्यामुळे ज्याच्या मूत्रपिंडाचे काम घटू लागले आहे, अशा प्रत्येकाने सलाइन आणि रक्ततपासणी पंजाच्या मागील शिरेतून करून घ्यावी, डावा हात राखून ठेवावा, हे तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचलेले दिसत नाही. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते यासाठी कोणत्याही नव्या यंत्राची वा निधीची गरज नाही. केसपेपरवर लाल शाईने ‘डावा हात राखीव’ एवढे तीन शब्द पुरेत.

मूत्रपिंडाची कार्यक्षमता १५ ते २० टक्क्यांपर्यंत उतरली की शल्यविशारदाची भेट घ्यावी. डायलिसिस लागण्याच्या सहाएक महिने आधी फिस्टुला झालेला असावा. ‘अजून डायलिसिस लागले नाही तर आधीच हात का कापायचा’ ही शंका घरोघर निघते. फिस्टुला केल्याने डायलिसिस लवकर लागत नाही. उलट तो नसला की डायलिसिसची सुरुवात गळ्यातील नळीने होते.

वऱ्हाडी उन्हाळा हाही यातला एक घटक. डायलिसिसच्या रुग्णाला पाणी मोजून प्यावे लागते. पारा ४५ अंशांवर गेला की मर्यादा पाळणे कठीण होते. मग दोन खेपांमध्ये वजन तीन-चार किलोने वाढते. ते पाणी चार तासांत यंत्राने ओढून काढले की रक्तदाब एकदम कोसळतो आणि मंदावलेल्या प्रवाहात फिस्टुला गोठतो. आर्वी किंवा कारंजा तालुक्यातील रुग्णाला डायलिसिसनंतर भर दुपारी एसटीने परत जायचे असते. घरी पोचून तो झोपतो. फिस्टुलाचा हात अंगाखाली येतो. सकाळी कंप नसतो.

कापूस वेचून झाल्यावर गाठोडे त्या हाताने उचलणे, फवारणीच्या पंपाचा पट्टा त्या खांद्यावर आवळणे, घट्ट बांगड्या किंवा घड्याळ घालणे, त्या हातावर रक्तदाब मोजू देणे, हे सारे टाळायचे. सुई दर वेळी त्याच जागी टोचून घेऊ नये. शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे जागा बदलत जावे. एकाच जागी टोचल्याने तेथे फुगा येतो, कातडी पातळ होऊन चकाकू लागते. अशी जागा फुटून रक्त उसळले तर कापडाचा बोळा गुंडाळत बसू नये. बोटाने नेमक्या त्या बिंदूवर घट्ट दाब द्यावा, हात वर धरावा आणि तसेच रुग्णालय गाठावे.

शिरांवाचूनचे दोन मार्ग

हातापायांच्या सर्व वाटा बंद झाल्या तरी दोन मार्ग वेगळ्या दिशेने जातात. एक पोटाच्या पडद्यातून होणारे डायलिसिस. पोटात एक मऊ नळी कायम बसवून तिच्यातून दिवसातून तीन-चार वेळा द्रव भरायचा आणि काढायचा. शिरेची गरजच नाही, रुग्णालयाच्या आठवडी फेऱ्याही नाहीत. गावात राहणाऱ्याला खरे तर हे अधिक सोयीचे. स्वच्छ खोली, हात धुण्याची काटेकोर सवय, द्रवाच्या पिशव्यांचा नियमित पुरवठा आणि घरात शिकलेले एक माणूस एवढे मात्र हवे. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घोषित झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये समाविष्ट झाली. तरीही रुग्णांना हा पर्याय बहुधा सर्वांत शेवटी सांगितला जातो, तोवर अनेकदा पोटाच्या इतर शस्त्रक्रियांमुळे तो शक्य राहिलेला नसतो.

दुसरा मार्ग प्रत्यारोपणाचा. जवळच्या नातेवाइकाचे मूत्रपिंड जुळले तर उत्तम, अन्यथा मेंदूमृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी नागपूर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवावे लागते. शिरा संपत आलेल्या रुग्णाने ही नोंदणी अगदी लवकर करणे इष्ट. फिस्टुलांची मालिका म्हणजे या प्रतीक्षेचा काळ निभावून नेण्याचे साधन, असेही म्हणता येईल.

राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. कुटुंबाची वार्षिक मर्यादा पूर्वी दीड लाख रुपये होती. ती पाच लाखांपर्यंत आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची अडीच लाखांवरून साडेचार लाखांपर्यंत वाढवण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. आपल्या रुग्णालयात फिस्टुला आणि पुढील दुरुस्त्यांपैकी काय योजनेत बसते, याची चौकशी योजनेच्या आरोग्यमित्राकडे शस्त्रक्रियेपूर्वीच करावी.

फिस्टुला थांबल्याचे लक्षात आले तर मात्र कशाचीही वाट पाहू नये. गोठलेले रक्त काढून तो पुन्हा सुरू करण्याची संधी साधारण पहिल्या एक-दोन दिवसांत असते. त्यानंतर गुठळी शिरेच्या भिंतीला चिकटत जाते. ‘परवा डायलिसिसला जायचेच आहे, तेव्हा दाखवू’ असे म्हणणाऱ्याचा परवा उजाडेपर्यंत तो मार्ग बंद झालेला असतो. निघताना जुनी फाइल सोबत घ्यावी. कोणत्या हातावर कोणत्या वर्षी कोणती शस्त्रक्रिया झाली, गळ्यात नळी कोणत्या बाजूला आणि किती दिवस होती, हे त्यात लिहिलेले असेल तर पुढची जागा ठरवताना डॉक्टरांना अंदाजाने चालावे लागत नाही.